परबबाई आणि ऑफिसातला देवचार

एआयमुळे खरंच माणसं कामावरून जातायत का, हा प्रश्न हल्ली कुठेही निघतो. सोसायटीच्या गच्चीवर निघतो, लग्नाच्या पंगतीत निघतो, केस कापताना न्हाव्याकडेही निघतो असं माझा भाऊ सांगतो. उत्तरं सगळ्यांकडे तयार असतात. ज्याची नोकरी शाबूत आहे तो म्हणतो, जग बदलतंय, माणसानं शिकत राहायला हवं. ज्याची गेली आहे तो सहसा पंगतीला आलेला नसतो. माझ्याकडे उत्तर नाही. माझ्याकडे परबबाई आहेत.

परबबाई म्हणजे सुलभा परब. आमची कंपनी अंधेरी पूर्वेला एमआयडीसीतल्या एका काचेच्या इमारतीत होती. अजून आहे, मी नाही. परदेशातल्या विमा कंपन्यांसाठी तिथे सॉफ्टवेअर बनायचं. बनवणारे वेगळे होते. परबबाई टेस्टिंगच्या प्रमुख होत्या, म्हणजे बनवणाऱ्यांनी 'झालं' म्हटलं की त्यात काय झालेलं नाही ते शोधायचं, आणि सगळं ठीक निघालं तर सिस्टिममध्ये त्यावर 'पास' करायचं. त्यांनी 'पास' केल्याशिवाय कंपनीतून काहीही बाहेर जायचं नाही, असा नियम होता. हा नियम लक्षात ठेवा. कंपनीनं ठेवला नाही.

ऑफिस त्यांना परब मॅम म्हणायचं. मी बाई म्हणायचे. माझ्या बाबांनी आयुष्यभर युनियनची पत्रकं लिहिली, आम्ही भावंडांनी बाराखडी त्या पत्रकांच्या कोऱ्या बाजूवर गिरवली, आणि 'मॅडम' हा शब्द आमच्या घरात व्यवस्थापनाकडचा समजला जातो. अशा घरातून आलेली मी त्या कंपनीत सॉफ्टवेअर कसं वापरावं याच्या पुस्तिका लिहीत होते. पोट सगळ्यांनाच असतं.

बाई मुलुंडच्या. मूळ गाव मालवणकडचं. ठेंगण्या, सुती पंजाबी ड्रेस, कपाळावर टिकली, आणि टेबलावर कायम कोकम सरबताची बाटली. त्यातलं सरबत त्या आपणहून कुणाला विचारायच्या नाहीत आणि कुणी मागितली तर नाही म्हणायच्या नाहीत. बाजारात बांगडा घेताना आपण कल्ला उचलून आत लाल आहे का बघतो ना, तसा त्या प्रत्येक गोष्टीचा कल्ला उचलून बघायच्या. ऑफिसात कॉफीचं नवं मशीन आलं तेव्हा सगळे फोटो काढत होते. बाईंनी पुढे होऊन दोन बटणं एकदम दाबली. मशीननं कॉफीत टोमॅटो सूप ओतलं. "बघ," त्या शांतपणे म्हणाल्या, "ह्या कुणाच्या डोक्यात इला नाय." लिफ्टमध्येही त्या तसंच करत. छत्री दुकानातच सात-आठदा उघडून मिटून घेत. दुकानदार वैतागला की म्हणत, "आता वैतागतोस. पावसात मी वैतागले असते."

त्यांचा एकच शब्द होता. दाखव. कुणी म्हणालं, "मॅम, पेज उघडत नाहीये," तर "दाखव." कुणी म्हणालं, "मॅम, फिक्स केलं," तरी "दाखव." नवा मुलगा एकदा चिडून म्हणाला, "मॅम, ट्रस्ट नावाची काही गोष्ट असते ना?" बाई म्हणाल्या, "असते तर. घरी ठेवून येते मी ती. इकडे दाखव."

माझी पहिली पुस्तिका त्यांच्याकडे गेली तेव्हा तासाभरात फोन आला.

"काय गो, तू लिहिलंयस, 'माहिती भरून झाल्यावर खिडकी बंद करा.'"

"हो बाई."

"केली."

"मग?"

"मग गेली ना माझी सगळी माहिती. आधी सेव्ह करा असं लिहिलंच नाहीस."

"बाई, ते कुणालाही कळतं ना."

"कुणालाही म्हणजे कोणाला? दाखव मला तो कुणालाही."

त्या दिवसापासून 'कुणालाही कळतं' हे शब्द मी वापरलेले नाहीत.

बैठकांमध्ये मात्र त्या बोलायच्या नाहीत. त्यांची तिथली पद्धत वेगळी होती. कोकणात देवापुढे गाऱ्हाणं घालतात. एक माणूस पुढे उभा राहून मोठ्यानं मागणं मागतो, आणि प्रत्येक मागण्यानंतर मागची सगळी मंडळी एका सुरात 'व्हय म्हाराजा' म्हणतात. आमचे व्हाइस प्रेसिडेंट कुणाल सर बोलायला उभे राहिले की बाई अगदी हळू आवाजात, शेजारच्यालाच ऐकू जाईल इतपत, दर वाक्याला साथ द्यायच्या.

"वी आर अ फॅमिली," कुणाल सर म्हणायचे.

"व्हय म्हाराजा."

"धिस इयर वुई विल ग्रो टुगेदर."

"व्हय म्हाराजा."

शेजारी बसलेल्या अल्विनाला हसू दाबताना खोकला यायचा. अल्विना मरोळ गावठाणातली, बाईंच्या टीममधली सगळ्यांत चुणचुणीत मुलगी. आजोबांची मरोळला भातशेती होती, आता त्या शेतावर आमच्यासारख्याच कंपन्या आहेत. "आमच्या खाचरात बसून मी बग शोधते," असं ती सगळ्यांना सांगायची.

आता कंपनीच्या भरभराटीबद्दल. लॉकडाऊनमध्ये परदेशी गिऱ्हाइकांनी कामाचा पाऊस पाडला, तेव्हा कंपनीनं दिसेल त्या माणसाला घेतलं. वरचा आणखी एक मजला घेतला. त्या मजल्यावर कर्मचाऱ्यांच्या आनंदासाठी वेताचा एक झोपाळा टांगला. उद्घाटनाच्या दिवशी सगळे त्याच्या शेजारी उभे राहून फोटो काढत होते. बाई जाऊन त्यात बसल्या. छताचा थोडा गिलावा घेऊन झोपाळा खाली आला, बाईंसकट. एचआरची मुलगी धावत आली. "मॅम, तो बसायला नाहीये ना."

"मग कशाला आहे?"

"व्हाइबसाठी."

बाईंनी कपडे झटकले. "मग तसं लिहून लावा त्याच्यावर. माणूस बसतो गो झोपाळ्यावर. सवय असते त्याला."

पुढे जे झालं ते याच झोपाळ्यासारखं झालं. आमचं सगळ्यांत मोठं गिऱ्हाईक गेलं. का गेलं ते सगळ्यांना माहीत होतं: दुसऱ्या कुणी स्वस्तात करून द्यायचं कबूल केलं होतं. घेतलेला मजला रिकामा, घेतलेली माणसं जास्त. यात गूढ काही नव्हतं. पिठाची गिरणी चालवणाऱ्यालाही हे समजतं. पण 'गिऱ्हाईक गेलं' हे वाक्य गुंतवणूकदारांपुढे बोलायचं म्हणजे मेल्याहून मेल्यासारखं. त्याच सुमारास कंपनीनं एक एआय टूल चाचणीसाठी आणलं. सॉफ्टवेअरमधल्या चुका आपोआप शोधणारं. कंपनीत येणाऱ्या प्रत्येक वस्तूप्रमाणे तेही नियमानुसार परबबाईंकडे टेस्टिंगला आलं.

तेव्हा मी उत्साहानं त्यांच्या टेबलाशी गेले. पत्रकांवर वाढल्याचा हा परिणाम, शत्रू दिसला की बरं वाटतं.

"बाई, आला का तुमचा वैरी?"

"वैरी कसला? झील आसा माझो." मालवणीत मुलाला झील म्हणतात. "बघ, काल आला, आणि सगळी उत्तरं पाठ. फक्त प्रश्न विचारायची फुरसत नाय त्याला."

त्यांनी त्या टूलला खरोखर घरच्या पोरासारखं वागवलं. रोज सकाळी त्याला काम द्यायचं, दुपारी त्याची खोडी पकडायची. एकदा त्यांनी त्याला विम्याच्या अर्जाचं पान तपासायला दिलं. त्या पानात एक जुनी चूक होती, उद्या जन्मणाऱ्या माणसाचाही अर्ज ते घ्यायचं. टूलनं सगळं हिरवं दाखवलं. बाईंनी खोदून बघितलं तेव्हा कळलं की त्यानं ती चूक पाहिली होती, आणि अर्ज भविष्यातली जन्मतारीख स्वीकारतो हा नियमच आहे असं धरून तपासणी तशी लिहिली होती.

"कॉपी करणारी पोरं मी पाहिलीत," बाई अल्विनाला म्हणाल्या. "ह्यो पेपरच बदलतो मेलो."

पण दुसऱ्या आठवड्यात त्याच टूलनं एक चूक काढली जी बाईंच्या नजरेतून कित्येक वर्षं निसटली होती. मला वाटलं, लपवतील. त्या दिवशी बाई मुलुंडहून येताना खाजं घेऊन आल्या, आल्या-गुळाचं, मालवणच्या जत्रेत मिळतं ते. सगळ्या मजल्यावर फिरून वाटलं. "आमच्या झिलान पकडल्यान, मी नाय. मला बारा वर्षांत दिसली नाय ती." त्याला खाता येत नसल्यामुळे त्याच्या वाटणीचं मी खाल्लं. शत्रूच्या नावाचं खाजं माझ्या घशाखाली उतरलं, हे बाबांना सांगायचं राहिलं आहे.

शेवटी बाईंनी आपला निर्णय सिस्टिममध्ये नोंदवला. फेल. खाली कारण: हुशार आहे, खूप वेगानं काम करतो, पण माहीत नाही असं म्हणत नाही. माणसाच्या देखरेखीखाली वापरावा. सुधारून परत पाठवा.

त्यानंतर थोड्याच दिवसांनी कुणाल सरांनी सगळ्यांना वरच्या मजल्यावर बोलावलं. झोपाळा परत टांगला होता, भोवती दोरी बांधून. सर स्टेजवर होते, मागच्या पडद्यावर निळ्या रंगाचा यंत्रमानव हनुवटीवर हात ठेवून विचार करत होता. कंपनी कठीण पण धाडसी निर्णय घेते आहे, असं ते म्हणाले.

"व्हय म्हाराजा," माझ्या शेजारी बाई पुटपुटल्या.

आपण आता एआय-फर्स्ट कंपनी झालो आहोत.

"व्हय म्हाराजा."

"आपल्या टेस्टिंग टीमचं बहुतेक काम आता एआय करतंय. त्यामुळे जड अंतःकरणानं..."

शेजारून आवाज आला नाही. मी वळून बघितलं. बाई उभ्या होत्या.

"नाय," त्या म्हणाल्या, आणि मग मराठी सावरून, "सर, नाही. एआय अजून माझ्याकडे आहे."

"सॉरी, परब मॅम?"

"टेस्टिंगला आहे. फेल आहे तो. मागच्याच आठवड्यात केलाय. सिस्टिममध्ये बघा. कुणाचंच काम तो करत नाहीये अजून, सर. त्याला तर लॉगिनपण नाही दिलेलं."

कुणीतरी मागे हसलं आणि ते हसू पसरलं, कारण चित्र सगळ्यांच्या डोळ्यांपुढे आलं होतं: ज्याच्यामुळे माणसं घरी जाणार होती, तो अजून दारातच उभा होता. आमच्या कंपनीत एआय यायच्या आधीच एआयमुळे माणसं निघाली होती. जगात कारण आधी आणि परिणाम नंतर असतो असं म्हणतात, पण तो नियम बहुधा पास न झालेल्या वस्तूंना लागू नसावा.

कुणाल सर हसले. अशा वेळी हसायचं प्रशिक्षण त्यांना मिळालेलं असतं. "वुई विल टेक धिस ऑफलाइन," ते म्हणाले. मग पडद्यावर पुढचं चित्र आलं, आणि संध्याकाळपर्यंत अल्विनासकट बाईंच्या टीममधल्या जवळजवळ सगळ्यांचे लॅपटॉप जमा झाले. दिलेल्या पत्रात कारण होतं, 'एआय-आधारित पुनर्रचना.'

दुसऱ्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत मी बाईंसमोर एक कागद ठेवला. रात्रभर जागून लिहिलेलं पत्रक. पहिलीच ओळ होती: 'एआय हे भांडवलदारांनी उभं केलेलं थोतांड आहे.' इमारतीखालच्या चहावाल्याकडे सगळ्या कंपन्यांची माणसं येतात, तिथे वाटायचं ठरवलं होतं.

बाईंनी डब्यातल्या कुर्ल्यांच्या रश्शात भाकरी बुडवत पहिली ओळ वाचली आणि थांबल्या.

"फेल," त्या म्हणाल्या.

"बाई, तुम्ही पण?"

"थोतांड कसं? दाखव. चूक पकडली ना त्यानं, तुला खाजं दिलं मी. उद्या आणखी सुधारेल, परवा माझ्या पोरांचं अर्धं काम घेईलसुद्धा. तेव्हा तू हे पत्रक घेऊन कुठे उभी राहणार?"

"मग आपण काय गप्प बसायचं?"

"गप्प कशाला? खरं बोल ना. कुणाल खोटं बोलतो म्हणून तू उलटं खोटं बोललीस तर ते खरं होतं काय गो?"

मग त्यांनी मला कोंबडीची गोष्ट सांगितली. त्यांच्या वाडीत म्हातारीची एक कोंबडी हरवली. वाडीच्या वरच्या आंब्यावर देवचार राहतो, असं सगळे मानत. देवचार म्हणजे वाडीचा राखणदार, कोप झाला तर काहीही करू शकणारा. शेजारचा पांडू म्हणाला, "देवचारान नेल्यान गो आवशी, सोडून दी." म्हातारीनं नारळ ठेवला आणि विषय संपला.

"आणि खरं काय झालं होतं?"

"पिसं पांडूच्या परड्यात सापडली ना, घरामागे गोणपाटाखाली." बाईंनी बोटं चाटली. "तर मुद्दा काय? देवचार नाही असं मी म्हणत नाही. रात्रीच्या वेळी मीपण त्या आंब्याखालून जात नाही. पण कोंबडीचा रस्सा करायला देवचाराला चूल लागत नाही. चूल कोणाकडे आहे ते बघायचं."

"पण बाई, कारण कुठलंही असो, माणसं तर गेलीच. फरक काय पडतो?"

मी हे विचारलं तेव्हा त्यांनी डबा बंद केला. एवढ्या गंभीर त्या मला कधी दिसल्या नव्हत्या.

"माझे बाबा गिरणीत होते. मालक म्हणायचे नवे माग येणार, म्हणून जुनी माणसं नकोत. बाबा मरेपर्यंत हेच समजत होते, की आपण जुने झालो, मागाएवढा वेग आपल्या हाताला नाही. लाज वाटायची त्यांना, चाळीत कुणी विचारलं तर. माग आलेच नाहीत गो कधी. टॉवर आला. जमीन हवी होती त्यांना. पण बाबांच्या डोक्यातून तो माग गेला नाही." डबा पिशवीत ठेवत म्हणाल्या, "गिऱ्हाईक गेलं म्हणून काढलं तर माणूस बेकार होतो. यंत्र आलं म्हणून काढलं की माणूस जुना होतो. अल्विना पंचविशीतली आहे. उद्या मुलाखतीला जाईल तेव्हा समोरचा म्हणेल, तुझं काम तर यंत्र करतं. काय सांगणार ती?"

मी पत्रक पुन्हा लिहिलं. माझ्या बाबांचं एकही पत्रक इतकं छोटं नसेल. त्यात दोनच वाक्यं होती: 'ज्या एआयमुळे तुम्हाला काढलं, तो कामाला लागलाय का? दाखवा म्हणा.' चहावाल्यानं ते त्याच्या बरण्यांमागे चिकटवलं. शेजारच्या दोन कंपन्यांतल्या लोकांनी त्याचे फोटो काढून नेले, त्यावरून मला वाटतं आमच्याच कंपनीत देवचार होता असं नाही.

बाईंना कुणाल सरांनी केबिनमध्ये बोलावलं. आत काय झालं ते बाईंनीच मला जिन्यात सांगितलं, एका हातानं कठडा हलवून बघत. सरांनी त्यांना नवं पद देऊ केलं होतं, 'हेड, एआय क्वालिटी'. पगार तोच, मेडिक्लेम तोच. मेडिक्लेम हा शब्द सरांनी दोनदा उच्चारला. परबकाकांचं डायलिसिस कंपनीच्या विम्यावर चालतं, हे एचआरनं त्यांना सांगितलेलं असणार. बदल्यात एकच गोष्ट करायची होती. टूलवरचं 'फेल' काढून 'पास' करायचं, म्हणजे सभेतला घोळ मिटेल.

"इट्स ओन्ली अ फॉर्मॅलिटी, परब मॅम. एक बटण आहे."

"हो सर, बटणच आहे. मी बटणं दाबण्यासाठीच आहे इकडे."

"मग?"

"मी करते. पण मुलांच्या पत्रावरचं कारण बदलून द्या. 'गिऱ्हाईक गेल्यामुळे' असं लिहा. तुमचं आणि माझं दोघांचं जमेल."

सरांनी डोळे मिटले, जसं लहान मुलानं काही हट्ट केला की करतात. म्हणाले, "मॅम, तुम्हाला कळत नाहीये. क्लायंट गेला म्हटलं तर मार्केटला पॅनिक होतं. एआय म्हटलं तर टाळ्या मिळतात."

"मग टाळ्या घ्या, सर," बाई म्हणाल्या. "पासच तेवढा मागू नका."

जिन्यात मी त्यांना म्हणाले, "बाई, काकांचं काय?"

त्यांनी कठडा पुन्हा एकदा हलवून बघितला. "ते काल रात्री विचारत होते, काय झालं ऑफिसात. सांगितलं. म्हणाले, तू मला पंचवीस वर्षं घरातल्या कुकरची शिटीसुद्धा बघितल्याशिवाय लावू दिली नाहीस. आता कोणाच्या मशीनला न बघता लावशील तर मी हसेन." मग पदर नसलेल्या खांद्यावरून ओढणी सारखी केली. "हसण्यावर नेतात ना हे पुरुष सगळं. सुई त्यांनाच टोचते, आणि हसतात पण तेच."

महिन्याअखेर बाईंना पत्र आलं. कारण तेच, एआय-आधारित पुनर्रचना. ज्याला त्यांनी नापास केलं होतं त्यानंच त्यांची जागा घेतली होती, आणि तोपर्यंत त्याचं लॉगिन तयार झालेलं नव्हतं. केक कापायची पद्धत होती आमच्याकडे कुणी जाताना, तीही त्या महिन्यात बंद झाली. एवढ्या केकची सोय कोण करणार. त्या दिवशी बाई लिफ्टशी उभ्या राहिल्या, सवयीनं वरचं आणि खालचं अशी दोन्ही बटणं एकदम दाबली, आणि आलेल्या लिफ्टनं खाली गेल्या. त्यानंतर त्या जागी 'पास' करणारं कुणीच उरलं नाही. कंपनीची कामं भराभर बाहेर पडू लागली. मीही काही महिन्यांनी बाहेर पडले, माझ्या पायांनी.

त्यांना मी शेवटचं पाहिलं ते साकीनाक्याला. अल्विनाचा फोन आला होता, "काम मिळालंय गं, बघायला ये, हसशील." खाली लोखंडी पट्ट्या कापायचा कारखाना, दर मिनिटाला किंचाळणारा. वर पत्र्याचा जिना, आणि जिन्यावरच्या गाळ्यात ओळीनं कॉम्प्युटर. एका ठेकेदारानं तो भाड्यानं घेतला होता. अल्विना दारातच भेटली, गळ्यात नव्या कंपनीची पट्टी. तिच्यापलीकडे, कोकमाच्या बाटलीशेजारी, परबबाई.

"ये गो चेडवा," त्यांनी मान न वळवता ओळखलं. "एआय बघायला आलीस ना? बस. आम्हीच."

हळूहळू उलगडा झाला. आमच्या जुन्या कंपनीनं टूल अखेर सुरू केलं होतं. ते काम करतं, पण चुकतं, म्हणून त्याचं काम तपासायला माणसं लागतात. कंपनीत माणसं उरली नव्हती, म्हणून ते काम या गाळ्यात येतं. इथे पगार निम्मा, मेडिक्लेम नाही. परबकाका आता मुलुंडच्या एका ट्रस्टच्या दवाखान्यात जातात, तिथे रांग लांब असते. गिऱ्हाइकाला जे एआयचं म्हणून जातं, ते आधी बाईंच्या हाताखालून जातं. बाई एआयची जागा घेत होत्या, असंही म्हणता येईल. पण तसं पत्र त्यांना कुणी दिलं नाही.

"म्हणजे तोच झील, बाई?"

"तोच. नवं नाव घातलंय, अंगावर बरे कपडे घातलेत. सुधारलाय हां." आवाजात थोडा अभिमान होता, लपवलेला. "काल एका ठिकाणी 'मला खात्री नाही' असं लिहिलं त्यानं. अल्विनाला मी उठून दाखवायला गेले. चार महिने मागे लागले होते त्याच्या."

"मग आता पास?"

त्या पडद्याकडे बघत राहिल्या. विम्याचं एक नवं पान उघडलं होतं. टूलनं ते तपासून हिरवं केलं होतं, आणि त्याखाली बाईंसाठी दोन बटणं होती, पासचं हिरवं आणि फेलचं लाल. गाळ्याच्या टोकाला ठेकेदाराचा माणूस फोन कानाला लावून उभा होता. त्यानं फोन हातानं झाकला आणि ओरडला, कारण खाली कारखाना किंचाळत होता: "मॅडम, अंधेरीवाले पूछ रहे हैं. जल्दी ग्रीन करने का बोल रहे हैं."

बाईंनी चष्मा पुढे ओढला आणि पडद्याशी वाकून बघितलं, कल्ला उचलून बघावं तसं.

"व्हय म्हाराजा," त्या म्हणाल्या, आणि लाल बटण दाबलं.